मु. पो. कुठेही

प्रति,
मा. श्री. जागतिकीकरण साहेब
(व त्यांचे उजवे हात श्री. आउटसोर्सिंग)
मु. पो. कुठेही

स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आपला पत्ता मिळेना. न्यूयॉर्कला आपलं ऑफिस आहे असं ऐकलं होतं. चौकशी केली तर कळलं की तिथे फक्त पाटी असते. हिशेब पोलंडात क्राकोला होतात, तक्रारी मनिलाला ऐकल्या जातात, कर आयर्लंडात भरला जातो (भरलाच तर), आणि मालक म्हणाल तर शेअर बाजारात थोडे थोडे सगळीकडे. गणपतीची वर्गणी मागायला गेलं की काही माणसं अशीच सगळीकडे असतात, घरी तेवढी नसतात. म्हणून शेवटी हे पत्र खुलंच ठेवायचं ठरवलं. कुठेतरी वाचाल.

माझा पत्ता पक्का आहे. टिटवाळा. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालं की शहाड, आंबिवली आणि मग आम्ही. महापालिका कल्याण-डोंबिवलीची, देव महागणपती, बाजूला काळू नदी. अंगारकीला रांग कुठवर गेली यावरून इथे वर्षाचा अंदाज बांधतात. आमचा गणपती लग्नं जमवतो अशी ख्याती आहे. हल्ली त्याच्याकडे अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या लॉटरीसाठीही नवस येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हा हे खातं जरा थंडावलं असावं. लग्नाच्या खात्यात पूर्वी पोरीकडचे विचारायचे, मुलगा काय करतो? आता विचारतात, पर्मनंट आहे का? ही सुधारणा आपल्यामुळे झाली, साहेब. आभारी आहोत.

आपलं आगमन आम्हाला चांगलं आठवतं. २४ जुलै १९९१ ला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला आणि आपण उंबरा ओलांडलात. मग जागतिक व्यापार कराराच्या 'डंकेल' मसुद्याच्या नावाने गावोगाव सभा झाल्या, भिंती रंगल्या. हा डंकेल खत आहे, बियाणं आहे की माणूस, हे रंगवणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि आपण पाहुण्याचे घरमालक झालात.

आमच्या भागात आपण सुरुवात झोकात केली होती. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फ्रान्सची पेजो गाडी तयार होऊ लागली. पेजो ३०९. जिथे फियाटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले होते, तिथे थेट पॅरिसची गाडी, तीही डोंबिवलीच्या पाण्यावर वाढलेली! काही वर्षांतच फ्रेंच मंडळींनी गाशा गुंडाळला. गाडी राहिली नाही, कारखाना राहिला नाही. प्रीमियरचं नाव मैदानाला आणि कॉलनीला उरलं, आणि अवतीभवती टॉवर उगवले. तिकडे ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून चालू होती, ती २००९ मध्ये थांबली. तिच्या जागेवरही आता घरंच आहेत. कारखाना गेला की टॉवर येतो, हा आपल्या इथला निसर्गनियम. फक्त टॉवरमध्ये कारखान्यातला कामगार राहायला येत नाही. तो आमच्याकडे टिटवाळ्याला येतो, नाहीतर वासिंदला.

उल्हासनगरला मात्र आपल्याला खरा गुरू भेटला होता. तिथल्या जीन्सवर 'मेड इन यूएसए'चं लेबल असायचं आणि विचारलं तर सांगायचे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! खरं-खोटं देव जाणे, पण ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाने हा विनोद ऐकलाय. आपण जे पुढे अब्जावधी डॉलर खर्चून केलंत, की माल कुठला, नाव कुठलं याचा पत्ता लागू द्यायचा नाही, ते या लोकांनी एका शिवणयंत्रावर करून दाखवलं होतं.

आता मोहोन्याविषयी. आंबिवलीला उतरून मोहोन्याकडे गेलं की एनआरसीची हद्द लागायची. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. कारखाना, कॉलनी, शाळा, भोंगा. रेयॉन करताना कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो. शहाड-आंबिवलीच्या पट्ट्यात त्या वासावरून झोपलेल्यालाही स्टेशन कळायचं. तो काही स्वर्ग नव्हता. पण त्या वासावर घरं चालली, पोरं शिकली. २००९ च्या नोव्हेंबरात कारखान्याला टाळं लागलं आणि हजारो कामगार बाहेर पडले. त्यांच्या देण्यांचा घोळ पुढे वर्षानुवर्षं चालला. कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली, जमीन अदानी समूहाकडे गेली, कॉलनीतल्या इमारती पडल्या, आणि आता तिथे सिमेंट दळायचा कारखाना येणार म्हणून आसपासची गावं हरकती घेत आहेत. वासाची जागा धुळीने घ्यायची, एवढाच काय तो विकासाचा फरक.

बंद पडण्याचं सगळं बिल आपल्या नावावर फाडणार नाही. शेजारी शहाडला सेंच्युरी रेयॉन अजून चालू आहे, म्हणजे रेयॉन या मातीत जगूच शकत नाही असं नाही. चीनच्या स्वस्त धाग्याचा लोंढा एवढा होता की सरकारला त्यावर डम्पिंगविरोधी शुल्क लावावं लागलं, हे खरं. पण आपले कारखानदारही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. ते असो. कामगारांकडे त्या काळात एक गोष्ट होती आणि तिची किंमत आम्हाला नंतर कळली. त्यांच्याकडे गेट होतं. गेटवर बसता यायचं, झेंडा लावता यायचा. मुर्दाबाद कुणाच्या नावाने म्हणायचं, ते कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं.

या गेटवरून आपण जो धडा घेतलात, त्याला तोड नाही. पुढच्या खेपेला आपण गेटच ठेवलं नाही.

आमच्या मजल्यावर एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. त्याला तशीही दोन आहेत. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत तो रात्रभर अमेरिकन लोकांच्या बिलांवरची भांडणं सोडवतो आणि तिथे त्याचं नाव रायन. बाप मोहोन्याला रेयॉनमध्ये होता, पोरगा रायन झाला. तीस वर्षांची आपली सगळी प्रगती या एका घरात बघायला मिळते. टिटवाळ्याहून लोकलने ठाणे, तिथून वाशी-पनवेलकडची गाडी पकडून ऐरोली. डब्यात पोळी-भाजी. बायोमेट्रिक, लॉगिन, हेडफोन, आणि मग नऊ तास सॉरी म्हणायचं. चूक बिल काढणाऱ्याची, माफी रायनची. एक कॉल किती मिनिटांत संपवायचा याचा आकडा ठरलेला असतो आणि लघवीला किती वेळ लागला तेही पडद्यावर दिसतं. टीम लीडर म्हणतो, आकडे क्लायंटने दिलेत. क्लायंट कोण, ते सांगायला मनाई. करारातच तसं आहे म्हणे.

आपल्या सत्तेचा खरा अंदाज मला या मुलाच्या घरातल्या कुकरवरून आला. अमेरिकेच्या संसदेने २००५ मध्ये ऊर्जेचा एक कायदा केला. त्याप्रमाणे २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे कधी संध्याकाळचे साडेसहा, कधी साडेसात. त्यामुळे वर्षातून दोनदा टिटवाळ्यात एका तिसऱ्या मजल्यावरच्या आईला दुपारच्या कुकरची वेळ बदलावी लागते. वॉशिंग्टनमध्ये हात वर करणाऱ्या एकाही खासदाराला ही माऊली ठाऊक नाही. आमच्या इथल्या नगरसेवकाला तिच्या नळाच्या पाण्याची वेळ बदलता आलेली नाही. आपण तिच्या भाताची बदललीत!

यात उन्हाळा जास्त वाईट. तिकडे उन्हाळा लागला की शिफ्ट पहाटे साडेतीनला सुटते. कंपनीची कॅब असते, पण कॅबला 'बाउंड्री' असते आणि त्याच्या कंपनीची बाउंड्री कल्याणला पत्रीपुलाशी संपते. क्राको, मनिला, डेन्व्हर आणि ऐरोली एका तारेत ओवणाऱ्या साहेबांना पत्रीपूल ते टिटवाळा हे अंतर परवडत नाही. मुलगा कल्याण स्टेशनात चहा घेत पहिल्या कसारा लोकलची वाट बघतो. हिवाळ्यात शिफ्ट साडेचारला सुटते, तेव्हा ही ताटकळ कमी होते. म्हणजे अमेरिकेत थंडी पडली की आमच्या पोराला तासभर झोप जास्त मिळते. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका बरीच वर्षं प्रगतिपथावर आहे. आपला आवाज समुद्राखालून सेकंदाच्या आत पलीकडे पोचतो. आमची लोकल आंबिवलीच्या सिग्नलला मेल-एक्स्प्रेससाठी उभी असते.

आपण काहीच दिलं नाहीत असं म्हटलं तर महागणपतीसमोर खोटा पडेन. याच मुलाच्या पगारावर घराचा हप्ता जातो. कंपनीच्या मेडिक्लेममधून आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. रेयॉनमधल्या बापाला इतक्या तरुणपणी स्वतःचा फ्लॅट स्वप्नातही आला नसता. मराठी माध्यमातून शिकलेली, इंग्रजीला बिचकणारी किती तरी पोरं-पोरी आपल्यामुळे कुणाशीही न घाबरता बोलायला लागली. हे सगळं जमेला धरतो. माझी तक्रार खर्चाच्या बाजूची आहे. तिथे सही कुणाचीच नसते.

आपले वकील या ठिकाणी डेव्हिड रिकार्डोला पुढे करतात. १८१७ मध्ये त्याने सांगून ठेवलं की इंग्लंडने कापड विणावं, पोर्तुगालने दारू करावी, देवघेव करावी, दोघेही सुखी. हिशेब बरोबर आहे. पण त्याच गृहस्थाने त्याच प्रकरणात असंही धरलं होतं की पैसेवाला आपला पैसा सहसा देशाबाहेर नेत नाही. परक्या मुलुखाची त्याला धास्ती असते. हे पान वकीलसाहेब थुंकी लावून उलटतात. आपल्या काळात पैसा बिनधास्त हिंडतो, धास्ती फक्त माणसाला. आवाजाची कामं १५ वर्षांपूर्वीच मनिलाकडे वळली, कारण तिथले उच्चार साहेबाच्या कानाला बरे वाटले. काम एका रात्रीत समुद्र ओलांडून गेलं. त्याच्यामागून जायला आमच्या पोराला व्हिसा लागतो.

आपले काही विद्यार्थी तर फारच हुशार निघाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर धाड घातली आणि ७०० च्या आसपास पोरं-पोरी ताब्यात घेतल्या. ही मंडळी अमेरिकन प्राप्तिकर खात्याचे अधिकारी बनून तिथल्या लोकांना अटकेची धमकी द्यायची आणि पैसे उकळायची. गुन्हा तो गुन्हाच, त्याला माफी नाही. पण मला त्यातला अभ्यासक्रम ओळखीचा वाटला. खोटं नाव, शिकवलेला उच्चार, समोर ठेवलेला कागद, दर कॉलमागे इन्सेंटिव्ह, आणि वर कोण आहे ते माहीत नाही. हे सगळं आपल्याच शाळेत शिकवतात, फक्त तिथे फीची पावती मिळते. धाडीत त्या रात्री गाडीत बसवले गेले ते बहुतेक खुर्चीवरचे. मास्तर तेव्हा गावाला गेले होते.

आता भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याकडे चला. टिटवाळ्याहून लांब नाही. भिवंडी म्हटलं की पूर्वी मागाचा खडखडाट आठवायचा. आज नाशिक महामार्गाला दोन्ही अंगांनी गोदामं आहेत, एकेक एवढं की आत वाट चुकावी. समृद्धी महामार्गही आमण्याला येऊन टेकलाय. ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा तुकडा खुला झाला. आमच्याकडची पोरं टमटममध्ये दाटीवाटीने बसून तिथे कामाला जातात. हातात स्कॅनर. स्कॅनर सांगतो अमुक गल्ली, अमुक कप्पा, उचल, ठेव, पुढचं. मान वर करायला फुरसत नाही.

अशा एका पोराला मी विचारलं, तू कामाला कुणाकडे? त्याने विचार करून उत्तर दिलं. खोक्यावर एका कंपनीचं नाव आहे, गोदाम दुसऱ्याचं, चालवते तिसरीच, गळ्यातला पास चौथ्या एजन्सीचा, आणि पगार ज्याच्या खात्यातून येतो त्या ठेकेदाराला त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या पायावर खोकं पडलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, एजन्सीला सांग. एजन्सी म्हणाली, साइटवर सांग. शेवटी पोराने आयोडेक्सला सांगितलं.

खोकं कुठून निघालं, कुठल्या कप्प्यात किती मिनिटं होतं, कुठल्या गाडीत चढलं आणि नाशिकच्या बाईंच्या दारात किती वाजता पडेल, हे आपल्या यंत्राला मिनिटामिनिटाने ठाऊक असतं. खोकं उचलणाऱ्याचा मालक कोण, एवढंच काय ते सापडत नाही. साहेब, हे कोडं महाराष्ट्राने १९६९ मध्ये सोडवलेलं आहे. हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्याचं; मग त्याचा मालक कुणाला म्हणायचं? अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणलं आणि माथाडी-हमालांचा कायदा झाला. मंडळं नेमली गेली. पोतं ज्याचं, त्याने मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा मंडळाने बघायचा. हे सगळं संगणकाशिवाय, खतावण्यांवर. त्या मंडळांत आणि युनियनांत पुढे काय काय झालं ते आम्हाला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्याचं प्रवचन नको. पण मस्जिद बंदरच्या कारकुनाला शाईच्या पेनाने जे जमलं, ते आपल्या सर्व्हरला जमू नये?

आमच्या सरकारची तक्रार आपल्याकडे करणं म्हणजे चेल्याची तक्रार गुरूकडे करण्यासारखं होईल, तरी सांगतो. ६ सप्टेंबर २०२३ ला राज्य सरकारने निर्णय काढला की सरकारी कामाला माणसं पुरवायची ती नऊ खासगी एजन्सींनी. स्पर्धा परीक्षेची पोरं रस्त्यावर आली आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द करावा लागला. रद्द करताना प्रत्येक पक्षाने सांगितलं की ही कल्पना मुळात दुसऱ्या पक्षाची. बघा, जबाबदारी बाहेर पाठवण्यात आमची मंडळी आपल्याही पुढे आहेत. पण निर्णय मागे घेतला गेला, कारण मंत्रालयाला दार आहे आणि त्या दाराशी जाता येतं.

नवीन वर्तमान असं की रायनला आता उच्चारांचा त्रास नाही. बोलता बोलता आवाज बदलणारी प्रणाली आली आहे. हा टिटवाळ्याच्या उच्चारात बोलतो, पलीकडे ऐकू येतो ओहायोचा. ज्या उच्चारांच्या क्लाससाठी त्याने पहिल्या वर्षी रात्री जागवल्या, तो क्लास बंद झाला. शिकवणाऱ्या बाई आता अंबरनाथला शिकवण्या घेतात. हा म्हणतो, आज उच्चार काढून घेतला, उद्या वाक्य काढतील, मग माझी फक्त खुर्ची राहील. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं, त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत कुणी मोठ्याने टीव्ही लावला नाही. आणि तिकडे अमेरिकेत एका सिनेटरने बाहेर दिलेल्या कामावर २५ टक्के कर लावायचं विधेयक मांडलंय, कारण त्यांच्या ओहायोचीही तक्रार आहे की नोकऱ्या आम्ही पळवल्या. तिथला बेकार रायनवर चिडतो, इथला रायन मनिलावर चिडतो, मनिलावाला यंत्रावर. आपण कुणाच्या तोंडी लागत नाही.

तेव्हा मागणी लहान आहे. परत जा असं म्हणत नाही. आपण गेलात तर हप्ते कोण भरणार? गेट परत बांधा असंही म्हणत नाही, जमिनीचे भाव आम्हालाही कळतात. काम ज्याच्यासाठी होतं त्याचं नाव पगाराच्या चिठ्ठीवर छापा. बिलाच्या भांडणात रायन ज्याच्या वतीने सॉरी म्हणतो, त्याचं. खोकं ज्याचं, त्याचं. ठेकेदार खाली कितीही असू देत, देणं थकलं तर मूळ नावाने द्यायचं, एवढी एक ओळ कराराच्या त्या ऐंशी पानांत घाला. आणि कॅबची बाउंड्री टिटवाळ्यापर्यंत आणा. मधे फक्त दोन स्टेशनं आहेत.

कळावे, लोभ आहेच, तो आता कमी करावा.

आपला,
एक टिटवाळेकर

ता. क. पाठवण्याआधी हे पत्र रायनला वाचायला दिलं. तो म्हणाला, काका, असा मजकूर आमच्याकडे आला तर आम्ही तो 'फीडबॅक'मध्ये टाकतो. 'कंप्लेंट'मध्ये टाकला की घड्याळ सुरू होतं, ठरल्या वेळेत कुणाला तरी नावानिशी उत्तर द्यावं लागतं. फीडबॅकला थँक यू म्हटलं की तिकीट बंद. म्हणून त्याच्याच सांगण्यावरून इथे स्पष्ट लिहितो: ही कंप्लेंट आहे.